एसएसडीआय आणि घरून कॉलची नोकरी

घरून कॉल घेण्याची नोकरी धरली की अमेरिकेतली एसएसडीआय (अपंगत्वामुळे काम न करू शकणाऱ्या कामगारांना मिळणारी सरकारी विमा-मदत) लगेच थांबते का, असा प्रश्न अनेकांना पडतो. नाही थांबत. कुठल्याही सलग 60 महिन्यांत 9 चाचणी-महिने, म्हणजे मदत चालू ठेवून काम करून बघण्याचे महिने, मिळतात. पगार कळवत राहा, मग त्यांत कितीही कमवा. 2025 साली कर कापण्याआधीची कमाई महिन्याला 1,160 डॉलरच्या वर गेली की त्यातला एक महिना खर्ची पडायचा. ताशी 15 डॉलरने महिन्याला 77 तास चालायचे, 78 नाही. खरा घोळ तारखांचा. पगार हातात कधी आला ते नव्हे, काम कधी केलं ते धरतात, म्हणून पे-स्टबवरचा (पगाराच्या चिठ्ठीवरचा) कालावधी बघा. 9 संपले की कमाईला मासिक मर्यादा लागते, तिच्या वर गेलं की मदत थांबू शकते; 2025 साली ती 1,620 डॉलर होती (दृष्टिहीनांना 2,700). अपंगत्वामुळे लागणाऱ्या खास हेडसेटचा स्वतः केलेला खर्च ही मर्यादा तपासताना कमाईतून वजा होतो, चाचणी-महिन्यांत नाही. एसएसआयचं (कमी उत्पन्नाच्या अपंग आणि वृद्धांसाठीच्या वेगळ्या मदतीचं) गणित निराळंच.