‘फॉर कीप्स’ म्हणजे नुसतं ‘कायमचं’ का?

शंका: एका इंग्रजी रहस्यकथेत ‘ही इज प्लेइंग फॉर कीप्स’ असं वाक्य आलं. कोशात ‘फॉर कीप्स’चा अर्थ ‘कायमचा’ दिलाय. ‘तो कायमचा खेळतोय’ हे काही पटत नाही. ‘फॉर गुड’ आणि हे एकच ना?

उत्तर: कोश चुकीचा नाही, तोकडा आहे. शब्द अमेरिकेतला बोलीतला, 1861 पासून नोंदलेला, आणि बहुधा गोट्यांच्या खेळातून आलेला. डाव मांडण्याआधी तिथली पोरं ठरवून घेत, ‘फॉर फेअर’ की ‘फॉर कीप्स’? फेअर म्हणजे डाव मोडला की ज्याच्या गोट्या त्याला परत. कीप्स म्हणजे जिंकलेल्या गोट्या जिंकणाऱ्याच्या खिशात, मग हरलेला रडो नाहीतर आईला बोलावून आणो. मोठ्यांना अर्थातच यात जुगाराचा वास यायचा. तिथे 1922 पासून गोट्यांची राष्ट्रीय स्पर्धा भरते (हो, खरंच). दहा फुटी रिंगणाच्या मधोमध 13 गोट्या फुलीसारख्या मांडतात, ज्याने आधी सात बाहेर उडवल्या तो जिंकला. पण तोही खेळ ‘फॉर फेअर’च.

तेव्हा या शब्दात काळापेक्षा मालकी मोठी. गेलं ते गेलं, परत मागायचं नाही, अशा बोलीवर खेळणं. तुमच्या वाक्यात ‘हा गमतीत खेळत नाहीये, समोरच्याला नागवूनच उठणार’ असं काहीतरी बसेल. खलनायकाच्या तोंडी असेल तर आणखी झणझणीत करा.

‘फॉर गुड’ याहून जुना. मूळचं ‘फॉर गुड अँड ऑल’, त्याची शेपटी गळाली. ‘शी लेफ्ट फॉर गुड’ म्हणजे ती कायमची निघून गेली. इथे ‘फॉर कीप्स’ घातलं तर कानाला खटकतं, कारण कुणाच्या हाती काही लागलेलंच नाही. उलट कुणी अंगठी देऊन ‘इट्स युअर्स फॉर कीप्स’ म्हणालं, तर ‘ठेव तुलाच, परत मागणार नाही’ हा अर्थ चपखल बसतो. प्रेमाबिमाच्या गोष्टींत तो म्हणूनच सारखा भेटतो.

शेवटचा ‘स’ मात्र सोडू नका. नुसतं ‘कीप’ म्हटलं की दुसराच अर्थ निघतो. ‘अर्न युअर कीप’ म्हणजे पोटापुरतं कमावणं, खाल्ल्या अन्नाला जागणं. आणि नोकरीच्या अर्जात वगैरे ‘फॉर कीप्स’ लिहू नका, तिथे आपलं ‘पर्मनंट’च बरं.

पुन्हा शंका: मग ‘शी इज अ कीपर’ यातलाच का? की विकेटकीपर?

उत्तर: विकेटकीपरचा काही संबंध नाही! तो शब्द गळ टाकून बसणाऱ्यांचा. मासा मापापेक्षा लहान निघाला तर परत पाण्यात सोडायचा, आणि घरी न्यायच्या लायकीचा असेल तो ‘कीपर’. धातू तोच, वाट वेगळी. मराठीत ‘अशी मुलगी हातची घालवू नकोस’ म्हणा, काम झालं. मुलाबद्दलही चालतो, सेकंडहँड सायकलबद्दलही.