क्लॅप्टनमुळे रॉबर्ट जॉन्सन ऐकला, पण हे एकट्याने वाजतं कसं?

सहा_तारा:
मंडळी, परवा विरार लोकलमध्ये ब्रिटिश गिटारवाला एरिक क्लॅप्टनचा २००४चा अल्बम 'मी अँड मिस्टर जॉन्सन' ऐकला, १४ च्या १४ गाणी जुन्या अमेरिकन ब्लूज गायक-गिटारवादक रॉबर्ट जॉन्सनची. आवडला म्हणून घरी येऊन मूळ रेकॉर्डिंग लावलं तर खरखर आणि एकच गिटार, आई म्हणाली रेडिओ नीट लाव. तिसऱ्यांदा ऐकताना ट्यूब पेटली, हा बाबा जे एकटा वाजवतोय त्याला क्लॅप्टनने अख्खा बँड बसवलाय! बेस आणि वरची सुरावट एकाच वेळी येते कशी? मी दीड वर्ष शिकतोय, पिकने (तारा छेडायची प्लास्टिकची चकती) वाजवतो.

गिरगावचा_बेसुरा:
आधी पिक ठेव बाजूला. पियानोवाले डाव्या हाताने बूगी, म्हणजे खालच्या सुरांचा सतत फिरणारा ठेका, वाजवतात ना, ते जॉन्सनने गिटारच्या जाड तारांवर आणलं, अंगठा तिथे आणि बोटं वर मोकळी. तबल्यात डग्गा आणि चाट वेगवेगळे बोलतात तसं. पंधरा दिवस नुसता अंगठा चालव, मेट्रोनोम ६० ला, कुणाशी गप्पा मारतानाही ठेका सुटता कामा नये, मग बोटं. 'स्वीट होम शिकागो'पासून सुरू कर. 'क्रॉस रोड ब्लूज' इतक्यात नको, त्यात स्लाइड (बोटात नळी घालून तारांवर घसरवणं) आहे आणि ट्यूनिंगही वेगळं.

जुनी_तबकडी:
मला तो अल्बम गुळगुळीतच वाटतो. ड्रम्सवर स्टीव्ह गॅड, ऑर्गनवर बिली प्रेस्टन, सगळे बाप लोक, पण पंचतारांकित हॉटेलातली मिसळ झालीये. त्यापेक्षा क्रीमचं, म्हणजे क्लॅप्टनच्या तेव्हाच्या बँडचं, १९६८चं लाइव्ह 'क्रॉसरोड्स' ('क्रॉस रोड ब्लूज'च) ऐक, तिथे तो जॉन्सनसारखं वाजवायच्या फंदातच पडला नाही, गाणं उचललं आणि स्वतःचं केलं, ही खरी दाद. खरखरीचं म्हणशील तर जॉन्सनची १९३६-३७ला सॅन अँटोनियो आणि डॅलस मिळून २९ गाणी, ७८च्या तबकडीत मावतील अशी तीनेक मिनिटांची, आणि १९३८ला माणूस गेला, वय २७. आजोबांच्या बालगंधर्वांच्या तबकड्यांवर कान तयार झालेत, मला नाही टोचत.

गिरगावचा_बेसुरा:
@जुनी_तबकडी मिसळ मान्य 😄 पण क्लॅप्टनचंच २००४चं 'सेशन्स फॉर रॉबर्ट जे' बघा, जॉन्सनने डॅलसमध्ये ज्या इमारतीत रेकॉर्ड केलं तिथेच जाऊन बसलाय, सोबत गिटारवर डॉयल ब्रॅमहॉल (दुसरा). म्हणजे तिथेही गिटारी दोन लागल्याच.

सहा_तारा:
पिक ड्रॉवरमध्ये टाकला. अंगठा दोन मिनिटांत भरून आला. मध्येच आईने विचारलं भाजी कुठली आणू, 'मेथी' म्हणालो आणि ठेका गेला.