शब्दचर्चा : रणगाड्यांच्या खेळातलं ‘स्पेस्ड आर्मर’ मराठीत कसं म्हणाल?

म्हापशाहून

नमस्कार. आम्ही काही जण मोबाइलवर ‘वर्ल्ड ऑफ टँक्स ब्लिट्झ’ आणि संगणकावर मूळ ‘वर्ल्ड ऑफ टँक्स’ खेळतो. या मंडळींसाठी मी दर रविवारी मराठीत एक टिपण लिहितो. अर्ध्या बातम्या, अर्धा इतिहास. 2025 मध्ये मूळ खेळाची 2.0 ही आवृत्ती आली आणि इतकी वर्षं दहावर थांबलेली रणगाड्यांची श्रेणी अकरावर गेली, तेव्हापासून वाचणारे वाढलेत.

अडचण भाषेची आहे. लिहायला बसलं की वाक्य असं उतरतं : ‘टायगरची हल अँगल करून साइडस्क्रेप केलं की शॉट बाऊन्स होतो, आयएस-3 च्या साइडला स्पेस्ड आर्मर आहे, तिथे हीट मारली तर पेन होत नाही.’ टायगर आणि आयएस-3 ही रणगाड्यांची नावं, ती सोडली तरी यात मराठी फक्त क्रियापदांची शेपटं. आमचे आजोबा रोजचा पेपर पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचतात, डिसेंबर 1961 मध्ये, गोवामुक्तीच्या वेळी, त्यांनी पणजीसमोरच्या बेतीला रणगाडे डोळ्यांनी पाहिलेत, त्यांना हे वाचून दाखवलं तर काहीच कळलं नाही. मला हे त्यांनाही कळायला हवं आहे. टरेट, हल-डाउन, स्पेस्ड आर्मर, पेनिट्रेशन, बाऊन्स, ट्रॅक आणि ओव्हरमॅच, यांना काय म्हणावं? आणि मुळात ‘रणगाडा’ लिहू की ‘टँक’?

फोंड्याहून

‘रणगाडा’च लिहा, बिनधास्त. पेपरात ‘रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र’ वाचताना कुणी अडखळत नाही. शिवाय त्याला चांगले सोबती आहेत. स्वीडिश भाषेत रणगाड्याला ‘स्ट्रीड्सवाग्न’ म्हणतात, म्हणजे लढाईची गाडी. हंगेरियनमध्ये ‘हार्त्सकोची’, तेच. रण अधिक गाडा, शब्दशः. जर्मन ‘पान्झर’चं मूळ पोटावरच्या चिलखतात आहे, आणि पोलिश लोकांनी तर ‘सरपटणे’ या क्रियापदापासून ‘चोवग’ केला. सगळ्यांनी आपापल्या घरातलं सामान वापरलं.

आता स्पेस्ड आर्मर. याला मराठीत शब्द घडवायचं कारणच नाही, तो साडेतीनशे वर्षं उभा आहे. राजगडाची संजीवनी माची पाहिली असेल तर आठवा : बुरुजाच्या बाहेरून आणखी एक तट वळवून घेतलाय, दोन्हींच्या मध्ये माणूस उतरेल एवढी अरुंद मोकळी जागा. तोफेचा गोळा लागला तर बाहेरचा तट ढासळेल, आतला बुरूज शाबूत राहील. याला दुर्गअभ्यासक ‘चिलखती बुरूज’, ‘चिलखती तटबंदी’ म्हणतात. जर्मनांनी 1943 पासून आपल्या पान्झर-4 रणगाड्याच्या कुशीला जे पातळ पत्रे टांगले, ते नेमकं हेच काम करत होते. जेमतेम 5 मिलिमीटरचे पत्रे, पण सोव्हिएत सैनिकांच्या 14.5 मिलिमीटरच्या रणगाडाविरोधी बंदुकीची गोळी त्यांतून जाताना वेडीवाकडी होई आणि मागच्या खऱ्या पोलादावर तिचा जोर चालत नसे.

खेळातही हिशेब तोच ठेवलाय. हीट गोळा म्हणजे आदळताच स्फोट होऊन धातूची बारीक धार पुढे सोडणारा. ती धार बाहेरचा थर फोडून पोकळीत शिरली की दर 10 सेंटिमीटर अंतराला तिची भेदकता 5 टक्क्यांनी उतरते. पोकळीच तिला खाते. म्हणून मी ‘दुहेरी चिलखत’ असं लिहीन, आणि पहिल्यांदा वापराल तेव्हा संजीवनी माचीचं एक वाक्य टाकाल तर तुमचे आजोबा पुढचं सगळं आपण होऊन समजून घेतील.

पेनिट्रेशनला ‘भेद’. गोळा भेदून गेला, गोळ्याला भेद मिळाला नाही. क्रिकेटच्या बातमीत ‘भेदक गोलंदाजी’ आपण रोज वाचतो. बाऊन्ससाठीही क्रिकेटकडेच जा : गोळा उसळला.

डिचोलीहून

फक्त ट्रॅकबद्दल सांगतो. आमच्या खाणपट्ट्यात पोकलेन आणि डोझर चालवणारा माणूस ‘ट्रॅक’ म्हणत नाही, ‘चेन’ म्हणतो. आणि चेनचं दुखणं एकच नसतं. ढिली पडलेली चेन वळण घेताना चाकांवरून बाहेर सरकते तेव्हा ‘चेन उतरली’. मधली पिन गेली आणि पट्टा दुभंगला तर ‘चेन तुटली’. उतरलेली चेन ताणून परत बसवता येते, तुटलेलीला पिन ठोकावी लागते. तुमच्या खेळात गोळा लागून रणगाडा जागच्या जागी थांबतो, म्हणजे ती तुटलेली चेन. ‘त्याची चेन तोडली आणि मग कुशीत गोळे घातले’, एवढं लिहिलं की डिचोलीपासून सांग्यापर्यंत कुणालाही समजेल.

आणि रणगाड्याच्या जन्मातसुद्धा मुख्य अडचण चेनचीच होती. 1915 मध्ये इंग्लंडमधल्या लिंकन शहरातल्या कारखान्यात पहिला नमुना बांधला तेव्हा शिकागोहून मागवलेले पट्टे खंदक ओलांडताना उतरायचे. विल्यम ट्रिटन यांनी दाबीव पोलादी पट्ट्यांची नवी चेन आखली तेव्हा कुठे गाडी पुढे सरकली.

मडगावहून

फोंडेकरांचा उत्साह आवडला, पण दोन शंका आहेत.

पहिली, खेळाच्या पडद्यावर सगळं इंग्रजीत लिहिलेलं असतं. नवा खेळाडू तुमच्या टिपणात ‘दुहेरी चिलखत’ वाचेल आणि खेळात ते शोधत बसेल. दुसरी, टरेटला तुम्ही बहुतेक ‘बुरूज’ सुचवणार, पण बुरूज जागचा हलत नाही. टरेटचा तर सगळा अर्थ फिरण्यात आहे.

माझ्या घरी आधीच्या पिढ्या पोर्तुगीजमध्ये शिकल्या. पोर्तुगीजमध्ये रणगाड्याला ‘कार्रो द कोंबाते’ म्हणतात, म्हणजे पुन्हा लढाईची गाडीच. ‘तांक’ असा उच्चार होणारा ‘tanque’ हा शब्द मात्र मुळात पाण्याच्या हौदासाठी. तेव्हा ‘टँक’ हा शब्द लढाईच्या गाडीला चिकटला कसा, हेही कुणीतरी लिहा.

फोंड्याहून

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्यात गोव्याचा थेट संबंध आहे.

1915 मध्ये ब्रिटिश नौदल खात्याने जमिनीवर चालणारी जहाजं बांधण्यासाठी समिती नेमली. नौदलमंत्री होते विन्स्टन चर्चिल. काम गुप्त होतं. कारखान्यातल्या लोकांना सांगितलं गेलं की मेसोपोटेमियाच्या वाळवंटात पाणी वाहून नेणाऱ्या टाक्या बनताहेत. ‘टँक’ हे नाव त्या थापेतून राहिलं. काही गाड्यांवर तर रशियन लिपीत ‘जपून, पेट्रोग्राडकडे’ असं रंगवलं होतं, पाहणाऱ्याला वाटावं की माल रशियाला चाललाय. 15 सप्टेंबर 1916 ला सोमच्या लढाईत त्या पहिल्यांदा रणात उतरल्या तेव्हा थाप उघडी पडली, नाव तेवढं कायम राहिलं.

आता तो इंग्रजी ‘टँक’ आला कुठून? इंग्रजी कोश गुजराती ‘टांकुं’ आणि मराठी ‘टाकें’ यांच्याकडे बोट दाखवतात, आणि जोडीला पोर्तुगीज शब्दाचा प्रभाव सांगतात. हिंदुस्थानात आलेल्या युरोपियनांनी तळी-हौदांसाठी तो उचलला. म्हणजे शिवनेरीवरची गंगा-जमुना ज्या अर्थाने ‘टाकी’ आहेत, तोच शब्द लिंकनला जाऊन पोलाद घालून आला. माझ्या मते यामुळे ‘टँक’ लिहिणंसुद्धा परकं ठरत नाही. मी ‘रणगाडा’ निवडतो तो अर्थ लगेच दिसतो म्हणून.

आणि आग्वाद पाहा. 1612 मध्ये पूर्ण झालेल्या या किल्ल्याचं नावच पाण्यावरून पडलं, लांबच्या सफरीवरची जहाजं इथे गोडं पाणी भरून घेत. आत खांबांवर तोललेलं प्रचंड टाकं आहे, 23 लाख 76 हजार गॅलन असा त्याचा आकडा सांगतात. डिसेंबर 1961 मध्ये बेतीला पोचलेले रणगाडे 7 लाइट कॅव्हलरीचे. मांडवीवर तेव्हा पूल नव्हता, त्यामुळे रणगाडे अलीकडच्या काठावर थांबले आणि 19 ला सकाळी पायदळ नदी ओलांडून पणजीत शिरलं. याच रेजिमेंटचे मेजर शिवदेव सिंग सिद्धू आग्वादच्या कैद्यांना सोडवायला गेले आणि तिथेच धारातीर्थी पडले. म्हापसेकर, तुमच्या आजोबांनी जे रणगाडे पाहिले त्यांची ही गोष्ट टिपणात नक्की घाला.

त्याच रेजिमेंटची आणखी एक. 1 नोव्हेंबर 1948 ला लेफ्टनंट कर्नल राजिंदर सिंग ‘स्पॅरो’ यांनी तिचे स्टुअर्ट रणगाडे सुमारे 11,500 फुटांवर झोजिला खिंडीत चढवले. एवढ्या उंचीवर रणगाडा येईल असं समोरच्याच्या स्वप्नातही नव्हतं. जम्मूहून निघताना बुरूज उतरवून वेगळे नेले होते आणि गाड्या झाकल्या होत्या, कुणाला ओळखू येऊ नयेत म्हणून.

हो, बुरूजच म्हणालो. मडगावकर, तुमची शंका रास्त आहे, पण इंग्रजी ‘टरेट’ म्हणजेही मुळात वाड्याच्या कोपऱ्यावरचा छोटा मनोराच, तोही फिरत नव्हता. 1917 च्या फ्रेंच रेनॉ एफटीने तोफेसह गोल फिरणारा टरेट रूढ केला तरी नाव जुनंच चाललं. हवं तर पहिल्यांदा ‘फिरता बुरूज’ लिहा, मग नुसता बुरूज. ज्या रणगाडानाशकांची तोफ धडातच बसवलेली असते त्यांना ‘बिनबुरुजी’ म्हणा. पिस्तूल रोखायला ठेवलेल्या भोकाला तर ‘जंगी’ हा तयार शब्द आहे, तटातून बंदूक रोखायची ती जंगी.

पडद्यावरच्या इंग्रजीचं म्हणाल तर टिपणात पहिल्या वेळी दोन्ही शब्द शेजारी ठेवा. दुसऱ्या वेळेपासून मराठी पुरे.

वास्कोहून

मी जहाजावर नोकरी केलेला माणूस, खेळ माहीत नाही, पण ‘हल-डाउन’ आमचा शब्द आहे. दूरच्या जहाजाचं धड क्षितिजाखाली असतं आणि फक्त वरचा डोलारा दिसतो, तेव्हा ते हल-डाउन. मुरगाव बंदरासाठी खोळंबलेलं जहाज बायणाच्या किनाऱ्यावरून संध्याकाळी पाहा : आधी डोलकाठी आणि ब्रिजच्या, म्हणजे जहाज हाकायच्या खोलीच्या, खिडक्या, मग जवळ येईल तसं लाल-काळं धड वर येतं. वर लिहिलंय की रणगाडे नौदलाच्या समितीतून निघाले, त्यामुळे हल, डेक, हॅच हे सगळे शब्द जहाजावरून गेले असणार यात नवल नाही. मराठीत ‘धड’ चालेल. टेकाडामागे धड लपवून नुसता बुरूज वर ठेवला, याला ‘धड आडोशाला’.

म्हापशाहून

सगळ्यांचे आभार, देव बरें करूं. आता वाक्य असं झालंय : ‘टायगरचं धड तिरपं धरून भिंतीला कूस घासत मागेपुढे केलं की गोळा उसळतो, आयएस-3 च्या कुशीला दुहेरी चिलखत आहे, तिथे हीट गोळ्याला भेद मिळत नाही.’ आजोबांना वाचून दाखवलं. त्यांनी लगेच विचारलं, तिरपं धरल्याने काय होतं?

मग टी-34 या सोव्हिएत रणगाड्याचं उदाहरण दिलं. पुढचा पत्रा 45 मिलिमीटरचाच, पण उभ्या रेषेपासून 60 अंश मागे झुकलेला, त्यामुळे सरळ येणाऱ्या गोळ्याला 90 मिलिमीटर पोलाद कापावं लागतं. कागदावर तिरकी रेघ मारून दाखवली तेव्हा पटलं. खेळात साधा चिलखतभेदी गोळा 70 अंशांपेक्षा जास्त तिरपा लागला की हमखास उसळतो, हेही सांगितलं.

राहिला तो ‘ओव्हरमॅच’. गोळ्याचा व्यास चिलखताच्या जाडीच्या तिपटीहून मोठा असेल तर कितीही तिरपं धरा, गोळा उसळत नाही. याला काय?

फोंड्याहून

‘तिपटीचा नियम’ म्हणून चालेल, पण वाक्यात जरा कोरडं वाटतं.

डिचोलीहून

आजोबांना समजावताना तुम्हीच ‘पत्रा’ म्हणालात की. 152 मिलिमीटरच्या गोळ्यापुढे 50 मिलिमीटरचं चिलखत म्हणजे पत्राच. आमच्या गॅरेजमध्ये जाड प्लेट असेल तर ती वाकते, पत्रा फाटतो. ‘चिलखताचा पत्रा झाला’ असं लिहा.

म्हापशाहून

या रविवारी तेच लिहितोय. ‘केव्ही-2 चा 152 चा गोळा छतावर आला आणि चिलखताचा पत्रा झाला.’