रीफ टँकमध्ये (खाऱ्या पाण्याच्या, प्रवाळांच्या टाकीत) शेवाळ, काही केल्या जात नाहीये (मदत हवी आहे)

खारं_पाणी
शेवाळाने उच्छाद मांडलाय. आधी वाळूवर होतं, मग खडकांवर, आता झोआंच्या (छोट्या फुलांसारख्या प्रवाळांच्या) दांड्यांवरही चढलंय. ब्रशने घासतो, नळीने ओढून काढतो, लगेच वॉटर चेंज करतो, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जैसे थे. काय टाकलं की जाईल तेवढं सांगा. "टँक सायकल झाला का" (नव्या टँकमध्ये उपयोगी बॅक्टेरिया तयार झाले का) वगैरे नको, जुना टँक आहे.

प्रवाळवेडा
रंग कोणता? केसाळ आहे, पिसासारखं की बुळबुळीत? नायट्रेट, फॉस्फेट किती? फोटो टाका, पण पांढऱ्या लाइटमध्ये काढलेला. निळ्यात सगळंच सारखं दिसतं.

शंखशिंपले
एवढ्या चौकशा कशाला? टर्बो गोगलगायी सोडा. माझ्याकडे हिरवं केसाळ शेवाळ त्यांनी पार चरून टाकलं.

भरती_ओहोटी
केसाळ असेल तर चरतील, ब्रायोप्सिसला (पिसासारख्या चिवट शेवाळाला) तोंडही लावणार नाहीत. पिसासारख्या गडद हिरव्या फांद्या दिसत असतील तर फ्लुकोनाझोल, लिटरमागे साधारण 5 मिलिग्रॅम. फिल्टरमधला कार्बन काढायचा आणि दोन-तीन आठवडे धीर धरायचा.

शंखशिंपले
बुरशीवरचं माणसांचं औषध कोरलच्या पाण्यात? धन्य आहे.

भरती_ओहोटी
रीफवाले सर्रास वापरतात. आणि शेवाळ संपल्यावर तुमच्या गोगलगायी उपाशी मरून पाण्यात कुजतात, तेही सांगत जा की.

खारं_पाणी
तुमचं भांडण नंतर करा. रंग तपकिरी. नायट्रेट, फॉस्फेट दोन्ही शून्य, म्हणजे पाणी एकदम स्वच्छ आहे. जीएफओ (फॉस्फेट शोषून घेणारे लोहाचे दाणे) चालूच आहे. टर्बोही होत्या, उलट्या पडून मेल्या.

प्रवाळवेडा
तपकिरी, दोन्ही शून्य, वर गोगलगायी मेल्या. आता दोनच गोष्टी सांगा: शेंबडासारख्या तारा लोंबतात आणि त्यांत हवेचे बुडबुडे अडकतात का? टँकचा लाइट बंद झाल्यावर कमी होतं का? दोन्हीला हो असेल तर हे नेहमीचं शेवाळ नाही, डायनोफ्लॅजेलेट (डायनो, एकपेशीय सूक्ष्मजीव) आहेत.

दर्यासारंग
डायटमही (सिलिकेटवर वाढणारं सूक्ष्म शेवाळ) तपकिरीच असतं हो. आरओच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) मोजा, सिलिकेट येत असेल.

प्रवाळवेडा
डायटम बहुधा नव्या टँकमध्ये येतं, धुळीसारखं बसतं आणि हात फिरवला की उडतं. त्याने गोगलगायी मरत नाहीत.
खात्रीच करायची तर थोडा चिकटा बाटलीत घेऊन जोरात हलवा, कॉफी फिल्टरमधून गाळा आणि खालचं पाणी तासभर लाइटखाली ठेवा. पुन्हा तारा जमल्या तर डायनोच. मायक्रोस्कोप मिळाला तर उत्तम. डायनोंपैकी ऑस्ट्रिऑप्सिस थेंबाच्या आकाराचे असतात आणि खुंटीला बांधलेल्या जनावरासारखे एका जागी गोल फिरतात. ते रात्री पाण्यात सुटतात, म्हणून त्यांच्यावर यूव्ही (पाणी ज्याच्यासमोरून फिरवतात तो अतिनील दिवा) चालतो. दुसरा प्रकार, ॲम्फिडिनियम, वाळूतच दबून बसतं, तिथे यूव्ही लावून काही होत नाही.
तोवर जीएफओ काढा, वॉटर चेंज थांबवा. नायट्रेट 5 ते 10 पीपीएम, फॉस्फेट 0.05 ते 0.1 वर येऊ द्या. शून्यावर बाकीचं शेवाळ आणि बॅक्टेरिया उपाशी मरतात आणि डायनोंना रान मोकळं मिळतं. कार्बन मात्र चालू ठेवा, विष सुटतं.

शंखशिंपले
घाण घालवायला खत घालायचं! उलटी गंगा.

प्रवाळवेडा
उलटी तर उलटी. तुमच्या टर्बो त्या टँकमध्ये सोडल्या तर त्याही मरतील.

निळी_मासोळी
तीन दिवस अंधार करा, मी सायनोला (चिकट थर धरणाऱ्या बॅक्टेरियांना) तसंच घालवलं.

भरती_ओहोटी
सायनो लाल-जांभळ्या चादरीसारखा सुटून येतो, इथे तसं कोणी म्हटलंय का? आणि नुसत्या अंधाराने डायनो दबतात, लाइट लागला की परत हजर. ऑस्ट्रिऑप्सिस निघाले तर अंधार आणि यूव्ही एकत्र करा.

खारं_पाणी
बुडबुडे आहेत. रात्री टॉर्च मारून बघितलं, खडक बऱ्यापैकी साफ दिसले. फिल्टरमधून गाळलेल्या पाण्यात परत गुठळी झाली. जीएफओ काढला. यूव्ही किती वॅटचा घेऊ?

भरती_ओहोटी
मायक्रोस्कोपखाली बघितल्याशिवाय यूव्ही घेऊ नका. घ्यायची वेळ आलीच तर पाणी सम्पमधून (खालच्या फिल्टरच्या टाकीतून) नको, डिस्प्लेमधून (मुख्य टाकीतून) ओढून डिस्प्लेतच सोडायचं. आणि टँक किती लिटरचा आहे ते अजून सांगितलंच नाहीत.