तालुका कोर्टात बांधाचा दावा: पुरावा, उलटतपास, मोजणी हे नक्की कसं चालतं? मदत हवी आहे

काळीमाती:

नमस्कार मंडळी, तालुक्याच्या कोर्टात वकिली करणारे किंवा स्वतःचा दावा चालवलेले कोणी इथे असाल तर मदत हवी आहे.

आमची शेती मराठवाड्यात, मी नोकरीसाठी पुण्यात, गावी आई आणि अण्णा दोघंच. शेजारच्या गटवाल्याने दरवर्षी नांगरटीला बांध थोडा थोडा कोरत आमच्यात आणला, आता जुन्या बांधावरची बाभळ त्याच्या पिकात उभी आहे. तलाठी झाले, तंटामुक्ती समिती झाली, काही उपयोग नाही म्हणून अण्णांनी तालुक्याला दिवाणी न्यायालय कनिष्ठ स्तर इथे दावा टाकला. निशाणी ५ च्या अर्जावर तूर्तातूर्त मनाई (दावा चालू असेपर्यंतची तात्पुरती मनाई) मिळाली, समोरच्याची कैफियत (लेखी उत्तर) आली, मुद्दे (वाद नेमका कशाकशावर ते) निघाले आणि आता कोर्टाच्या ॲपवर 'एव्हिडन्स' म्हणजे पुराव्याचा टप्पा दाखवतंय. वकील म्हणालेत की येत्या तारखेला अण्णांचं सरतपासाचं शपथपत्र (त्यांची स्वतःची साक्ष, लेखी) द्यायचं, मग उलटतपास, म्हणजे समोरच्या वकिलाचे प्रश्न.

अडचण अशी की अण्णा प्रत्येक तारखेला एसटीने जातात, दिवसभर बाकावर बसतात, दुपारनंतर कधीतरी पुकारा होतो आणि पुढची तारीख घेऊन परत येतात. काय झालं विचारलं तर 'साहेबांना दुसरं काम होतं' एवढंच. तारखेला गेलो नाही तर वॉरंट निघेल अशी धास्ती त्यांनी घेतलीय, ताप असला तरी निघतात. वकिलांबद्दल तक्रार नाही, पण त्यांच्यामागे इतकी गर्दी असते की अण्णा काही विचारायला लाजतात.

मला हे समजून घ्यायचंय की दर तारखेला अण्णांनी जायलाच हवं का, दिवाणी काम पुढे का सरकत नाही, न्यायाधीशांची बदली होणार असं ऐकतेय तर मग सगळं पहिल्यापासून का, आणि उलटतपासाला अण्णांची तयारी कशी करून घ्यायची. सातवी शिकलेला साधा माणूस आहे, वकिलाने आवाज चढवला तर गोंधळून जाईल याची मला खरंच काळजी वाटते. मोजणी कोर्टातून होते म्हणतात, ती कधी मागायची?

बाररूम:

ताई, तालुक्यालाच वकिली करतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी वॉरंटचं. दिवाणी दाव्यात वादीवर, म्हणजे दावा टाकणाऱ्यावर, वॉरंट निघत नाही. वॉरंट फौजदारीत, आरोपी गैरहजर राहिला की. लोक दोन्हीत गल्लत करतात कारण इमारत तीच, न्यायाधीशही तेच. दाव्यात वकीलपत्र दिलेलं असलं की वकील हजर असले तरी चालतं, अण्णांनी स्वतः जायचं ते त्यांच्या साक्षीला किंवा कोर्टाने बोलावलं तर. मात्र वकीलही नाही आणि वादीही नाही असं झालं तर दावा गैरहजेरीत काढून टाकतात, मग ३० दिवसांत तो पुन्हा बोर्डावर, म्हणजे सुनावणीला, घेण्याचा अर्ज द्यावा लागतो. त्यामुळे वकील त्या दिवशी नक्की आहेत ना एवढं आदल्या दिवशी फोनवर विचारायचं आणि तब्येत बरी नसेल तर अण्णांनी घरीच थांबायचं.

आता काम का सरकत नाही. तालुक्याला बहुतेक ठिकाणी जे दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर तेच प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी असतात. सकाळी पोलीस अटकेतला माणूस घेऊन येतात, त्याला २४ तासांच्या आत हजर करावंच लागतं, ते काम थांबवता येत नाही. मग जामीन, चेक बाउन्स, पोटगी, घरगुती हिंसाचाराचे अर्ज, आणि यातून वेळ उरला तर दाव्यातला साक्षीदार. त्यात समोरचा वकील मुदतीचा, म्हणजे पुढची तारीख मागणारा, अर्ज देतो. कायद्यात एका पक्षाला तीनपेक्षा जास्त मुदती देऊ नयेत असं आहे, प्रत्यक्षात किती पाळलं जातं ते तुम्ही बघताच आहात. अशा वेळी आपल्या वकिलांनी मुदतीला हरकत घ्यावी, खर्च मागावा, ते रोजनाम्यात येतं. रोजनामा म्हणजे त्या त्या तारखेला काय झालं याची कोर्टाची नोंद, नकलेचा अर्ज देऊन तो मिळतो. माझ्या मते प्रत्येक पक्षकाराने तो वाचलाच पाहिजे, 'तारीख पडली' याच्यामागे नक्की काय घडलं ते तिथेच कळतं.

बदलीची काळजी नको. नवे न्यायाधीश आधीचा पुरावा तसाच धरून जिथे थांबलं तिथून पुढे चालवतात.

पण ताई, शपथपत्र दाखल व्हायच्या आत एक गोष्ट तपासा, माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची. दाव्यात मागणी काय केलीय? तुम्ही लिहिताय की बाभळ आता त्याच्या पिकात आहे, म्हणजे काही पट्टा आधीच त्याच्या ताब्यात गेलाय. दावा नुसता कायम मनाईचा असेल तर गेलेला पट्टा त्यातून परत मिळणार नाही, मोजणी करून अतिक्रमित जागेचा ताबा मिळावा ही मागणी पाहिजे. नसेल तर दावा दुरुस्तीचा अर्ज आत्ताच द्यायला सांगा, पुरावा सुरू झाल्यावर दुरुस्ती मिळणं फार अवघड जातं.

मोजणीचंही तसंच. सातबाऱ्यावर क्षेत्र कळतं, पण जमिनीवर हद्द नेमकी कुठून जाते ते मोजणीशिवाय कळत नाही. कोर्ट कमिशनर (कोर्टातर्फे जागेवर मोजणी करून देणारा) नेमण्याचा अर्ज द्यायचा, कोर्ट भूमी अभिलेखच्या उपअधीक्षकांना पत्र देतं, मोजणीदार दोघांना नोटीस काढून मोजतो आणि नकाशा कोर्टात पाठवतो. काही कोर्टं हा अर्ज पुराव्याआधी घेतात, काही म्हणतात आधी साक्ष होऊ द्या. अर्ज मात्र लवकर देऊन ठेवावा.

उलटतपासाबद्दल. शपथपत्र मराठीत मागा. खालच्या कोर्टांची भाषा १९९८ पासून मराठी आहे, साक्षही मराठीतच लिहिली जाते. दावा आणि शपथपत्र अण्णांना घरी मोठ्याने वाचून दाखवा, सही करायच्या आत, आणि जे त्यांना माहीत नाही किंवा पटत नाही ते वकिलांना सांगून काढून टाका. पहिला प्रश्न हमखास येतो, 'या शपथपत्रात काय लिहिलंय ते सांगता येईल का?' नंतर गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा. पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण हे अण्णांना शेतात उभं राहून शंभर टक्के सांगता येईल, पण साक्षीदाराच्या पिंजऱ्यात दिशा हुकतात, म्हणून तीच उजळणी करून घ्या. मग 'हे म्हणणे खरे नाही काय की' असं सुरू होणारे प्रश्न येतील, त्यात एकाच वाक्यात दोन गोष्टी असतात, एक खरी एक खोटी. घाईने 'होय' म्हणायचं नाही, 'प्रश्न समजला नाही' म्हणायचा त्यांना पूर्ण हक्क आहे. आठवत नसेल तर 'आठवत नाही' म्हणायचं, अंदाजाने साल सांगायचं नाही. वकिलाने आवाज चढवला तर अण्णांनी उत्तर न्यायाधीशांकडे बघून द्यावं, बहुतेक न्यायाधीश वयस्कर शेतकऱ्याला सांभाळून घेतात. शेवटी टाइप झालेली साक्ष वाचायला मिळते, चुकीचं लिहिलं गेलं असेल तर तिथल्या तिथे सांगायचं.

गोदाकाठ:

आमच्या काकांचा असाच वाद लोक अदालतीत मिटला, मोजणी झाल्यावर. नकाशा समोर आला तसा शेजारी नरमला. तडजोड झाली की कोर्ट फी परत मिळते आणि त्यावर अपील नसतं, म्हणून सही करताना बांध कुठून कुठे जाईल ते नकाशासकट लिहून घ्या. नुसतं 'आपसात मिटले' अशी पुरशिस (कोर्टाला दिलेलं लेखी निवेदन) देऊन दावा काढून घेऊ नका, उद्या तो परत नांगर घालील.

काळीमाती:

बाररूम दादा, खूप खूप आभार. दाव्याची प्रत अण्णांनी फोटो काढून पाठवली, मागणीत फक्त कायम मनाई आहे, ताबा कुठेच नाही. उद्या वकिलांना फोन करून दुरुस्तीचं बोलते आणि तारखेला रजा काढून स्वतः जाते. मोजणीची फी कोणी भरायची आणि मनाई असूनही यंदा त्याने पुन्हा नांगर घातला तर काय करायचं?

बाररूम:

मोजणीचा अर्ज ज्याचा, फी आधी त्याने भरायची, खर्चाचं निकालात ठरतं. मनाई मोडली तर त्याच दाव्यात अर्ज देता येतो, दिवाणी प्रक्रिया संहिता आदेश ३९ नियम २अ, मालमत्ता जप्ती आणि ३ महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. त्यासाठी पुरावा लागेल, म्हणून नांगर चालू असताना तारीख दिसेल असे फोटो काढा, आजूबाजूचे दोघं साक्षीला ठेवा, आणि मनाई हुकुमाची प्रमाणित नक्कल पोलीस ठाण्यात आत्ताच देऊन पोच घ्या.