अभ्यासक्रमाचा नकाशा काढताना: तुमचे अनुभव लिहा

विद्यार्थिदशेत दोन-तीन महिन्यांच्या तात्पुरत्या कामावर आपल्याच विभागासाठी अभ्यासक्रमाचा नकाशा काढलेले इथे किती जण आहेत? कुठला विषय कुठल्या सत्रात, कशाच्या आधी काय यायला हवं, मधूनच कुठे थांबता येतं, हे सगळं एका कागदावर. महाराष्ट्रात स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून पदवीला नवं शैक्षणिक धोरण लागू झालं. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस... विषयांच्या प्रकारांची ही नावं ऐकून प्रवेशाच्या रांगेतच पोरं गांगरायला लागली, आणि असे नकाशे काढायचं काम विद्यार्थ्यांकडे आलं.

सुरुवात मी करतो. संख्याशास्त्राच्या एम.एस्सी.ला असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत सहा आठवडे बी.एस्सी.च्या विषयांसाठी हे काम केलं. सर म्हणाले, "एका पानावर बसव, पहिल्या वर्षाच्या पोराला कळलं पाहिजे." आधी मी एक्सेलमध्ये दोनच रकाने केले: विषय, आणि तो शिकण्याआधी काय यायला हवं. दुसरा रकाना सिलॅबसच्या पुस्तकावरून भरता येईना, कारण तिथे बहुतेक ठिकाणी तो कोराच होता. मग स्वतःच्या वह्या काढल्या, दोन मैत्रिणींच्या आणल्या, आणि कुठल्या तासाला आपण अडलो होतो ते आठवत बसलो.

सत्रं डावीकडून उजवीकडे मांडली आणि आधी लागणाऱ्या विषयाकडून पुढच्या विषयाकडे बाण काढले, म्हणजे सगळे बाण उजवीकडे जायला हवेत. एक बाण उलटा गेला. सॅम्पलिंग, म्हणजे नमुना निवडणं, तिसऱ्या सत्रात होतं आणि त्यात 'अनबायस्ड एस्टिमेटर' (सरासरीनं खऱ्या किमतीवर बसणारा अंदाज) पहिल्याच आठवड्यात येतो, तर एस्टिमेशन, म्हणजे नमुन्यावरून अंदाज बांधणं, हा विषय चौथ्या सत्रात. मला वाटलं माझंच चुकलंय, म्हणून दोनदा तपासलं. सरांनी विचारलं, "हा बाण उलटा का?" मी म्हटलं, "सर, आम्ही ते असंच शिकलो." ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. पुढच्या वर्षीपासून सॅम्पलिंगच्या सुरुवातीला एस्टिमेशनचे चार तास आले. शिकवणारे प्राध्यापक आपापला विषय चोख जाणतात, पण सहाही सत्रं ओळीनं बसून काढतो तो फक्त विद्यार्थी. म्हणून हे काम त्याच्याकडे यावं, असं मला मनापासून वाटतं.

आता तुम्ही लिहा.

यंत्र अभियांत्रिकी, तेव्हा शेवटचं वर्ष

माझा नकाशा बाणांचा नव्हता, रंगांचा होता. एनबीएच्या (अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाच्या) तपासणीसाठी प्रत्येक विषयाची उद्दिष्टं पदवीच्या १२ उद्दिष्टांशी जोडायची होती. जोड घट्ट असेल तर ३, मध्यम असेल तर २, नावापुरती असेल तर १, नसेल तर आडवी रेघ. असे तक्ते पानोपानी होते, कुणी वाचत नव्हतं. मी सगळे एकत्र करून आकड्यांना निळ्या रंगाच्या छटा दिल्या. अभियांत्रिकीचं ज्ञान, समस्येचं विश्लेषण हे रकाने गडद निळे आले. पर्यावरण आणि व्यावसायिक नीती जवळपास पांढरे.

एका वरिष्ठांनी सांगितलं, "थोडे दोन-दोन भरून टाक." मी भरले नाहीत. फाइल परत दिली आणि म्हटलं, विषय शिकवणाऱ्यांनी सांगितलं तर भरेन. ते काम पुढे दुसऱ्याकडे गेलं. पण त्यानंतर थर्मलच्या मॅडमनी बॉयलरच्या प्रकल्पात धुराचं मोजमाप घातलं, आणि तो पांढरा रकाना बघूनच घातलं हे त्यांनी मला स्वतः सांगितलं.

जर्मनीतून

मास्टर्स करताना मी 'हीवी' होते, म्हणजे विभागाची विद्यार्थी-मदतनीस. तिथे विद्यापीठातलं हे काम परदेशी विद्यार्थ्यांच्या वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करायच्या मर्यादेत धरत नाहीत, त्यामुळे बाहेरच्या कामाचे दिवस शाबूत राहिले. तिथल्या नकाशाला स्टुडीनफेरलाउफ्सप्लान म्हणतात. सत्राला ३० क्रेडिट, मास्टर्सच्या पदवीला १२०, आणि एका क्रेडिटमागे ३० तासांचं काम. मी चौकटीची उंची क्रेडिटप्रमाणे ठेवली, म्हणजे ९ क्रेडिटचा विषय ३ क्रेडिटच्या तिप्पट उंच. मुलं बघूनच म्हणायची, हा विषय जड आहे.

घोळ दुसरीकडेच होता. नकाशा ऑक्टोबरात येणाऱ्यांसाठी काढलेला होता. मी स्वतः एप्रिलमध्ये आले होते. काही पायाभूत विषय फक्त हिवाळी सत्रात असतात, त्यामुळे एप्रिलमध्ये आलेल्याच्या वाट्याला आधी पुढचा विषय येतो आणि मग पाया. पहिल्या सत्रात मी खोलीवर येऊन रडायचे, आपल्यालाच जमत नाही असं वाटायचं. मी प्राध्यापकांकडे दुसऱ्या नकाशाची परवानगी मागितली. एप्रिलवाल्यांचा वेगळा. त्यांनी लगेच दिली, आणि तो काढायला घेतलेला आठवडा मला अजून आवडतो.

उपयोजित कला, कोल्हापूर

छपाईबद्दल लिहितो, कारण तिथे खूपजण फसतात. मी सात रंगांत सुंदर नकाशा केला. भिंतीवर फ्लेक्स लागला, पण मुलांच्या हातात गेली झेरॉक्स. सातही रंग एकसारखे करडे. शिवाय वर्गातल्या एकाला लाल आणि हिरवा वेगळे दिसत नव्हते, हे त्यानं मला हळूच सांगितलं. दुसऱ्यांदा केला तेव्हा रंगाच्या जोडीला आकार आणि रेघ दिली: सक्तीचा विषय भरीव चौकट, निवडीचा गोल कडांचा, प्रात्यक्षिकाला तुटक रेघ. बाण फक्त आडवे, उभे आणि ४५ अंशांत. ही शिस्त लंडनच्या भुयारी रेल्वेच्या नकाशाची. हॅरी बेक या ड्राफ्ट्समननं तो १९३१ मध्ये काढला आणि १९३३ मध्ये छापला गेला. स्थानकांमधली खरी अंतरं त्यानं सोडून दिली, गाडी कुठे बदलायची तेवढं ठेवलं. विषयांचंही तसंच, तासांचा हिशोब वेगळ्या तक्त्यात जाऊ द्या.

परभणी जिल्ह्यातून, बी.ए.

मी काढलेला नकाशा मराठीत होता. क्रेडिटला 'श्रेयांक' लिहावं की क्रेडिटच, यावर मॅडमशी दोन दिवस चर्चा. शेवटी मोठ्या अक्षरात क्रेडिट आणि खाली लहान श्रेयांक, कारण गुणपत्रिकेवर मुलीला जे दिसणार तेच आधी ओळखीचं व्हावं.

आमच्या वर्गातल्या तीन मुली पहिल्या वर्षानंतर थांबल्या. नियमाप्रमाणे पहिल्या वर्षाला ४० ते ४४ क्रेडिट आणि वर ४ क्रेडिटचं कौशल्याचं काम झालं तर प्रमाणपत्र मिळतं, दोन वर्षांना ८० ते ८८ आणि तसंच ४ क्रेडिटचं काम झालं तर पदविका. सगळ्या नकाशांत हा बाहेरचा बाण असतोच. परत यायचा बाण मात्र मला कुठेच दिसला नाही. तीन वर्षांच्या आत परत येता येतं, हे त्या मुलींना कुणी सांगितलंच नव्हतं. मी तो बाण जाड काढला आणि त्यावर लिहिलं: 'इथून परत या'. एकीच्या घरी नकाशा घेऊन गेले. तिच्या वडिलांनी बोट ठेवून विचारलं, "म्हंजी हितून पुन्हा हितं येता येतंय?" ती मागच्या जूनमध्ये दुसऱ्या वर्षाला बसली.

संगणकशास्त्र

व्यवहाराचं बोलतो. माझं मानधन सात महिन्यांनी मिळालं, तेही चार खेपा घातल्यावर. काम घेताना तास आणि दर लेखी घ्या. आणि मूळ फाइल विभागाच्या संगणकावर ठेवून जा. माझ्या आधीच्या मुलीनं फक्त पीडीएफ ठेवली होती, त्यामुळे एक विषय बदलला तर सगळं पहिल्यापासून. मी ग्राफव्हिझ या प्रोग्रॅममध्ये केलं: साध्या मजकुरात 'हा विषय, मग तो विषय' असं लिहायचं, मांडणी तो स्वतः करतो. कोपऱ्यात वर्ष टाका आणि तुमचं नावही टाका, ते आपल्या हक्काचं आहे.

धागा सुरू करणारा

वर्षाचं अगदी खरं. हे सगळं वाचून काल विभागात जाऊन आलो. माझा नकाशा अजून जिन्याजवळ आहे, कडेनं फाटलाय. पाचव्या सत्रातल्या एका चौकटीवर कुणीतरी निळ्या पेनानं नव्या विषयाचं नाव लिहिलंय आणि तिथून पुढे एक बाण काढलाय. मी उभं राहून तपासलं. बाण बरोबर आहे.