बेशिस्त पादचारी? आधी फूटपाथ बघा

"भुयारी मार्ग असताना लोक रस्त्यातून पळतात, मग मरणारच," असं पादचाऱ्यांच्या अपघातांबद्दल म्हटलं जातं, ते पटलं नाही. अहो, गुडघे धरलेल्या माझ्या आईला तेवढ्या पायऱ्या उतरून पुन्हा चढायला सांगून बघा!

रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसनुसार फूटपाथची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको, चालायला निदान १.८ मीटर मोकळी जागा हवी. आमच्या कोपऱ्यावरचा फूटपाथ गुडघाभर उंच, वर विजेची डीपी पेटी, वडापावची गाडी आणि दोन मोटरसायकली. आई खालूनच चालते, बसला खेटून.

आणि खरा मारेकरी वेग. नॉर्वेची राजधानी ऑस्लोने वेगमर्यादा उतरवल्या, मध्यवर्ती भागातलं पार्किंग काढलं; २०१९ मध्ये तिथे एकही पादचारी गाडीखाली दगावला नाही. आमच्याकडे स्पीडब्रेकर मागितला, तर आधी गाडीवाल्यांच्या मणक्यांची काळजी!